निकोबारनंतर फोन गप्प: समुद्रातल्या एका संपर्क-प्रकरणाचा सांगलीतून घेतलेला मागोवा

प्रकरणातलं घर सांगलीच्या विश्रामबागेतलं. कुपवाड एमआयडीसीत यांचा मशिनिंगचा कारखाना आहे. घरातल्या कर्त्या माणसाने गोव्यात शिडाची नौका चालवायला शिकून घेतलं आणि काही वर्षांनी थायलंडमध्ये फुकेतला ३८ फुटी जुनी नौका विकत घेतली. ती श्रीलंकेतल्या गॉलमार्गे कोचीला, बोळगट्टी बेटावरच्या मरिनात आणायची होती. नौकेवर तिघे: स्वतः मालक, त्यांचा पुतण्या आणि मोबदला देऊन बरोबर घेतलेला एक मुरलेला कप्तान. फुकेत ते गॉल साधारण ११०० सागरी मैल. ५ नॉटच्या, म्हणजे तासाला ५ सागरी मैलांच्या, सरासरीने नऊ-दहा दिवसांचा पल्ला. महिना जानेवारीचा. ईशान्य मोसमी वारा पाठीशी असतो, म्हणून बंगालच्या उपसागराचा दक्षिण भाग ओलांडायला शिडाच्या नौका हाच हंगाम धरतात.

नौदलाच्या दळणवळण शाखेतून निवृत्त होऊन मी मिरजेत राहतो. या घराशी जुना घरोबा. त्यामुळे किनाऱ्यावरून संपर्क सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि माझ्याइतकंच ते मालकांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी सांभाळलं. या प्रवासात सॅटेलाइट फोन ऐन मध्यावर बंद पडला. तरीही कुणाला इजा झाली नाही, शोधमोहीम निघाली नाही, नौका ठरल्या सुमारास गॉलला लागली. अपघात झाला नाही म्हणून असं प्रकरण कुणी लिहीत नाही. मला मात्र ते लिहावंसं वाटलं. फोन घेतला की समुद्रातल्या संपर्काचा प्रश्न मिटला, अशी समजूत आता डोंगरात भटकणाऱ्यांपासून नौकावाल्यांपर्यंत सगळीकडे पसरली आहे आणि ती धोक्याची आहे.

नौकेवर काय होतं, घरी काय होतं

नौकेवर पक्का बसवलेला २५ वॅटचा व्हीएचएफ रेडिओ होता, म्हणजे जवळपासच्या जहाजांशी बोलायचा; डीएससीसह, म्हणजे बटण दाबून संकटाची हाक पाठवायच्या सोयीसह. त्याचा अँटेना डोलकाठीच्या टोकावर. आसपासच्या जहाजांची नावं, दिशा आणि वेग दाखवणारा एआयएस होता. हातात धरायचा एक छोटा व्हीएचएफ आणि ४०६ मेगाहर्ट्झवर संकटाचा संदेश पाठवणारा ईपर्ब होता. आणि फुकेतमध्येच घेतलेला, इरिडियमच्या जाळ्यावर चालणारा हातातला सॅटेलाइट फोन.

इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. एक उपग्रह आपल्या डोक्यावरच्या आकाशात आठ-दहा मिनिटं असतो, मग संभाषण पुढच्याच्या हवाली होतं. हवाली होताना कधीकधी ते तुटतं. इनमारसॅट या दुसऱ्या जाळ्याची गोष्ट वेगळी. त्याचे उपग्रह विषुववृत्तावर जवळपास ३६,००० किलोमीटर उंच एकाच जागी स्थिर दिसतात. अँटेना त्या दिशेला धरून ठेवावा लागतो आणि बोलण्यात ठळक उशीर जाणवतो. हेलकावणाऱ्या छोट्या नौकेवर दिशा धरून उभं राहणं किती जिकिरीचं असतं ते केल्याशिवाय कळत नाही. दोन्ही फोनना मोकळं आकाश मात्र लागतंच. केबिनमध्ये बसून सॅटेलाइट फोन लागत नाही, ही अगदी पहिली गोष्ट लोकांना माहीत नसते.

घरी होता एक कागद. तो वहिनींनी आपल्या हाताने लिहिला होता आणि फ्रिजवर लावला होता. रोज संध्याकाळी ७ वाजता, आपल्या वेळेनुसार, नौकेवरून एक लेखी संदेश: अक्षांश, रेखांश, वेग आणि 'ठीक'. बोलणं नाही. आवाजाचा कॉल तुटतो, पैसे खातो आणि घरच्यांचं मन भरत नाही म्हणून लांबतो. लेखी संदेश दुबळ्या सिग्नलवरही निघून जातो आणि आकडे चुकीचे ऐकू येण्याची भीती राहत नाही. भारतातल्या मोबाइलवरून सॅटेलाइट फोनला लावणं महाग पडतं आणि पुष्कळदा लागतच नाही. म्हणून घरून काही कळवायचं तर इरिडियमच्या संकेतस्थळावरून छोटा संदेश पाठवायचा.

त्याच कागदावर एक परवलीचा शब्द होता: 'बेदाणा'. नौकेकडून कुणा तिऱ्हाइतामार्फत निरोप आला तर त्यात हा शब्द असला पाहिजे. ही सूचना माझी. अण्णांना, म्हणजे मालकांच्या वडिलांना, ती फार आवडली नव्हती. घरच्या माणसांत असली परवली कशाला, असं त्यांचं म्हणणं.

ठरवून पाळलेलं मौन

फुकेतहून निघालेली नौका ग्रेट निकोबार आणि सुमात्रा यांच्यामधल्या सिक्स डिग्री चॅनलमधून पश्चिमेला जाते. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक म्हणजे इंदिरा पॉइंट, भारताचंही दक्षिण टोक. इथे सॅटेलाइट फोनचा प्रश्न कायद्याचा होतो.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत आलेल्या हल्लेखोरांनी 'कुबेर' या मच्छीमार बोटीवर थुराया या कंपनीचा सॅटेलाइट फोन वापरला होता. त्यानंतर निर्बंध आणखी आवळले गेले. २०१२ मध्ये नौवहन महासंचालनालयाने भारतीय पाण्यात थुराया, इरिडियम आणि तसल्या फोनच्या वापराला बंदी करणारा आदेश काढला. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आणि वापरणं आधी १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्या कक्षेत येत होतं. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. भारतात रीतसर मार्ग आहे तो इनमारसॅटवर चालणाऱ्या बीएसएनएलच्या सेवेचा, तोही परवानगी घेऊन. परदेशातून येताना हौसेने आणलेला फोन विमानतळावर सापडून माणसं अडकल्याची उदाहरणं दरवर्षी वाचायला मिळतात. समुद्रमार्गे येणाऱ्याला वेगळा न्याय नाही.

नौकेचा मार्ग इंदिरा पॉइंटपासून तीसेक मैल दक्षिणेकडून जात होता, म्हणजे १२ मैलांच्या प्रादेशिक समुद्राच्या बराच बाहेरून. पण वारा बदलला किंवा प्रवाहाने उत्तरेला सारलं तर तिथे रेषा आखलेली नसते. म्हणून काठाकाठाचा हिशोब करत न बसता त्या संपूर्ण टप्प्यात फोन बंदच ठेवायचा असं ठरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा संदेश आला: ६ अंश ३८ मिनिटं उत्तर, ९५ अंश ३० मिनिटं पूर्व, ५ नॉट, ठीक. तिसऱ्या दिवशीचा संदेश येणार नव्हता, आणि तो आला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी ७ ला पुन्हा सुरुवात व्हायची होती.

ती झाली नाही.

विश्रामबागेतल्या त्या दोन रात्री

या प्रकरणाचा सगळ्यात अवघड भाग इथे आहे. ठरवलेलं मौन आणि नको असलेलं मौन एकापाठोपाठ आलं, आणि दोन्ही दिसायला सारखीच. चौथ्या दिवशी रात्री ८ वाजता आम्हाला एवढंच ठाऊक होतं की, फोन सुरू व्हायला हवा होता आणि झालेला दिसत नाही. अजून निकोबारच्या टापूतच असतील, वारा पडला असेल, असं म्हणायलाही वाव होता. त्या शक्यतेने पहिली रात्र निभावली.

अण्णांना मात्र ते पटेना. त्यांची बहीण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीवाडीत अडकली होती. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, वीज नाही, फोन लागत नाही. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्यासाठी फोन न लागणं ही बातमीच असते, आणि ती वाईटच असते. अण्णांचं म्हणणं होतं की आत्ताच्या आत्ता तटरक्षक दलाला कळवा, विमान पाठवा. ऐंशी वर्षांच्या माणसाची तगमग समोर दिसत असताना 'थांबू या' म्हणणं सोपं नव्हतं.

पण फोनचं मौन आणि संकट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्याकडे एक मोठी माहिती होती, तिच्याकडे मी अण्णांचं लक्ष वेधलं: ईपर्ब वाजला नव्हता. हे यंत्र सुरू झालं की ४०६ मेगाहर्ट्झवरचा संदेश कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांकडे जातो. प्रत्येक ईपर्बला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो मालकाच्या नावावर नोंदवलेला असतो. संदेश मिळाला की बचाव केंद्र नोंदीतल्या आपत्कालीन नंबरवर फोन करून आधी खातरजमा करतं. त्या नोंदीत माझा आणि वहिनींचा नंबर होता. आमचे फोन वाजले नव्हते. नौका बुडत असती किंवा कुणी गंभीर जखमी असतं, तर कप्तानाने फोनची वाट न पाहता ते यंत्र सुरू केलं असतं. तिघंही एकाच क्षणी असहाय झाले असतील ही शक्यता राहते. शून्य नाही, पण लहान.

"म्हणजे यंत्र गप्प आहे हे चांगलं, आणि फोन गप्प आहे हे वाईट?" अण्णांनी विचारलं. प्रश्न नेमका होता. मी म्हटलं, "अण्णा, फोन गप्प आहे म्हणजे फोन गप्प आहे, एवढंच."

दरम्यान वहिनींनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. शेवटच्या ठिकाणापासून त्यांनी पेन्सिलीने मार्ग आखला आणि त्यावर दोन खुणा केल्या: वेग ४ नॉट धरला तर नौका कुठे असेल, आणि ६ नॉट धरला तर कुठे. चौथ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे शेवटच्या संदेशानंतर ४८ तासांनी, एक खूण १९२ मैलांवर होती आणि दुसरी २८८ वर. मधला पट्टा ९६ मैलांचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी, ७२ तासांनी, तोच पट्टा २८८ पासून ४३२ पर्यंत, म्हणजे १४४ मैल लांब झाला. रुंदी तर वेगळीच. विमान पाठवा म्हणणाऱ्याने हा पट्टा एकदा पाहावा. शोध घ्यायचं क्षेत्र दर तासाला फुगत जातं, आणि शेवटचं ठिकाण जितकं जुनं तितकं शोधणाऱ्याचं काम कठीण. रोज एकच संदेश ही आमची आखणी अपुरी होती, हे त्या पेन्सिलीच्या रेघांनी मला कोणत्याही नियमपुस्तकापेक्षा स्पष्ट दाखवलं. सहा-सहा तासांनी ठिकाण कळत असतं तर पट्टा मुठीत मावला असता.

कागदावर पुढचं ठरलेलं होतं. १२ तास मौन राहिलं तर संकेतस्थळावरून संदेश पाठवत राहायचं. २४ तास झाले तर तटरक्षक दलाला माहिती द्यायची. पाचव्या दिवशी संध्याकाळी ७ वाजून गेल्यावर मी १५५४ वर फोन केला. हा तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा क्रमांक आहे. दलाची सागरी बचाव समन्वय केंद्रं मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर इथे आहेत. तुमची नौका कोणत्या केंद्राच्या हद्दीत आहे हे ती यंत्रणा ठरवते, ते आपण घरबसल्या ठरवायची गरज नाही.

इथे बोलण्याची पद्धत महत्त्वाची असते. मी 'वाचवा' म्हटलं नाही. नौकेचं नाव, ध्वज, रंग, लांबी, माणसं तीन, शेवटचं ठिकाण आणि वेळ, मार्ग, अंदाजे वेग, नौकेवरची यंत्रं, ईपर्बचा क्रमांक आणि तो वाजलेला नाही हे सांगितलं. मग ठरवून पाळलेल्या मौनाबद्दल आणि त्यानंतर २४ तास उलटल्याबद्दल. शोध-बचावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तीन अवस्था मानतात: अनिश्चितता, सावधानता आणि संकट. आमचं प्रकरण पहिल्या अवस्थेतलं होतं. अशा वेळी विमान उडत नाही; त्या भागातल्या जहाजांना लक्ष ठेवायला सांगता येतं, शेजारच्या देशाच्या केंद्राला कळवता येतं. हे लोकांना माहीत नसल्यामुळे दोन टोकं होतात. कुणी उगाच बोभाटा नको म्हणून दोन-दोन दिवस कळवतच नाहीत, तर कुणी पहिल्या तासातच नौका बुडाल्याचं सांगून मोकळे होतात. पहिली चूक जास्त घातक आहे, असं माझं ठाम मत आहे.

नौकेवर काय घडलं होतं

हा भाग नंतर पुतण्याने सांगितला. निकोबारच्या टप्प्यात फोन बंद करून सुकाणूजवळच्या कप्प्यात ठेवला होता. तिसऱ्या रात्री पावसाची जोरदार सर आली आणि एक लाट मागून आत घुसली. चार्जिंगच्या छिद्रावरचं रबरी झाकण नीट दाबलेलं नव्हतं. सकाळी फोन सुरू झाला, बॅटरी जवळपास संपलेली दिसली, चार्जिंगला लावला तर होईना. छिद्रात हिरवट थर धरला होता. दुपारपर्यंत फोन पूर्ण मेला.

एक झाकण. नौका व्यवस्थित, शिडं व्यवस्थित, माणसं पोटभर जेवत होती, आणि तिकडे सांगलीत एका घरात कुणी झोपलं नव्हतं.

तिघांनाही घरच्या घालमेलीची कल्पना होती. म्हणून कप्तानाने व्हीएचएफ हाती घेतला. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडून श्रीलंकेच्या दोंद्रा टोकाकडे जाणाऱ्या जहाजांचा हमरस्ता त्यांच्या जवळूनच जात होता. व्हीएचएफ लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. नौकेचा अँटेना पंधरा मीटर उंच आणि जहाजाचा तीस मीटर असेल, तर वीसेक सागरी मैलांपर्यंत बोलणं होतं. हातातला व्हीएचएफ पाच-सहा मैलांतच दम तोडतो. डोलकाठीवरच्या अँटेनाची किंमत इथे वसूल झाली.

चौथ्या रात्री त्यांनी चॅनल १६ वर, म्हणजे सगळी जहाजं ऐकत असतात त्या हाकेच्या चॅनलवर, 'आसपासचं कोणतंही जहाज' अशी हाक दिली. उत्तर नाही. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, रात्री एक अधिकारी आणि एक पहारेकरी असतो, आणि 'कुणीही' म्हणून दिलेली हाक प्रत्येकाला दुसऱ्यासाठीच आहे असं वाटतं. पाचव्या रात्री पुतण्याने पद्धत बदलली. एआयएसच्या पडद्यावर आठ मैलांवरून जाणाऱ्या एका मालवाहू जहाजाचं नाव वाचलं आणि नावाने हाक दिली. दुसऱ्याच हाकेला उत्तर आलं. बोलणारा सेकंड ऑफिसर भारतीय निघाला, मध्यरात्री ते पहाटे चारच्या पाळीवरचा. चॅनल १६ मोकळा सोडून दोघं ०८ वर गेले.

पुतण्याने आधी सांगितलं की संकट काही नाही, निरोप पोचवायचा आहे. हे पहिल्या वाक्यात सांगणं फार शहाणपणाचं होतं. नाहीतर जहाजाचा वेग कमी होतो, कप्तानाला उठवलं जातं आणि भलतीच चक्रं फिरतात. मग त्याने वहिनींचा नंबर एकेक आकडा तोडून इंग्रजीत वाचला: नाइन, वन, मग पुढचे दहा. अधिकाऱ्याने प्रत्येक आकडा परत वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता, तो सुधारला. निरोप चार गोष्टींचा: सॅटेलाइट फोन बिघडला, नौका आणि माणसं ठीक, ६ अंश २ मिनिटं उत्तर ८९ अंश १० मिनिटं पूर्व, गॉलला सुमारे पाच दिवसांनी. आणि शेवटी: "प्लीज अ‍ॅड द वर्ड बेदाणा." पलीकडून क्षणभर शांतता, मग स्पेलिंग विचारलं गेलं.

पाळी संपल्यावर त्या अधिकाऱ्याने जहाजाच्या इंटरनेटवरून व्हॉट्सअ‍ॅप संदेश टाकला. वहिनींचा फोन पहाटे वाजला. अनोळखी नंबर, 'युवर हजबंड इज सेफ' अशी सुरुवात. हल्ली असा संदेश आला की कुणालाही आधी फसवणुकीचीच शंका येते, आणि दुसऱ्या ओळीत पैसे मागितले जातील असंच वाटतं. वहिनींनाही वाटलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, शेवटचा शब्द वाचला आणि अण्णांना हाक मारली.

निरोपात दिलेलं ठिकाण नकाशावर मांडलं. पेन्सिलीच्या पट्ट्याच्या आत, मधल्या भागातच पडलं. मी लगेच समन्वय केंद्राला फोन करून निरोप, वेळ आणि ठिकाण कळवलं आणि प्रकरण मिटवायला सांगितलं. हा दुसरा फोन पुष्कळ लोक विसरतात. आनंदात विसरतात, पण तिकडे कुणीतरी आपल्या नौकेचं नाव फळ्यावर ठेवून बसलेलं असतं.

फोनबद्दल माझं मत

सॅटेलाइट फोन वाईट नाही. डॉक्टरचा सल्ला घ्यायला, हवामान विचारायला, बंदरातल्या एजंटशी बोलायला आणि घरच्यांना धीर द्यायला त्याच्यासारखं साधन नाही. पण तो एका नंबरशी बोलतो. तुम्ही बुडत असताना आठ मैलांवरून जाणाऱ्या जहाजाला तुमचा फोन ऐकू जात नाही. सांगलीत वहिनींना ऐकू जातो, आणि त्या तिथून काय करू शकतात? व्हीएचएफवरची हाक त्या परिसरातल्या प्रत्येक जहाजाला ऐकू जाते. ईपर्ब तुमचं ठिकाण तुम्ही एक शब्द न बोलता कळवतो, तेही सरळ बचाव यंत्रणेला, आणि किमान ४८ तास कळवत राहतो. इरिडियमला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१८ मध्ये संकटकालीन यंत्रणेसाठी मान्यता दिली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवा सुरूही झाली. पण ती जहाजावर पक्क्या बसवलेल्या ठरावीक संचांसाठी आहे. हातातल्या फोनला ती मान्यता चिकटवून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांचं २०१८ चं प्रकरण या बाबतीत प्रत्येकाने समजून घ्यावं. गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात सप्टेंबरमध्ये त्यांची नौका उलटली, डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत झाली. जागचं हलता येत नव्हतं. वापरातला सॅटेलाइट फोन निकामी झालेला आणि दुसरा आपत्कालीन पिशवीत, हात पोचत नाही अशा ठिकाणी. त्यांच्या हाताशी होतं ते लेखी संदेश पाठवणारं छोटं यंत्र. त्यावरून आणि ईपर्बमुळे त्यांची स्थिती कळत राहिली, नौदलाच्या पी-८आय या टेहळणी विमानाने त्यांना शोधलं आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. इतका तयारीचा दर्यावर्दी, दोन फोन बरोबर असलेला, आणि दोन्ही फोन ऐन वेळी कामाला आले नाहीत. आपल्या प्रकरणात एक झाकण निमित्त झालं, तिथे तुटलेली पाठ. फोन आहे की नाही यापेक्षा तो ओला न होता, चार्ज असलेला, आडवं पडल्यावरही हाताला लागेल असा आहे का, हे पाहायला हवं.

गॉलनंतर

दहाव्या दिवशी नौका गॉलला लागली. फोनचं छिद्र साफ करून वाळवल्यावर तो पुन्हा सुरू झाला. पण पुढचा टप्पा भारतीय पाण्यात संपणार होता. इरिडियमचा फोन घेऊन यायचं तर आगमनापूर्वीच्या कागदपत्रांत तो जाहीर करायचा, वापरायचा नाही आणि बंदरात त्याची उत्तरं देत बसायचं. मी मालकांना स्पष्ट सांगितलं की एवढी झंझट नको. मालदीवकडे निघालेल्या एका ओळखीच्या नौकेला त्यांनी तो देऊन टाकला.

गॉल ते कोची सव्वातीनशे-साडेतीनशे मैल. मन्नारच्या आखातात वारा दांडगा असतो, पण कन्याकुमारीनंतर केरळचा किनारा उजव्या हाताला राहतो आणि किनाऱ्याजवळ मोबाइलला अधूनमधून सिग्नल मिळतो. या टप्प्यासाठी वहिनींनी कागद नव्याने लिहिला. मोबाइल लागेल तेव्हा ठिकाण कळवायचं. ठरलेली वेळ नाही, पण कन्याकुमारी ओलांडल्याचा संदेश अमुक वेळेपर्यंत आला नाही तर काय करायचं ते लिहिलेलं. मन्नारच्या आखातात पूर्ण मौन गृहीत धरलेलं, कितीवेळ ते तासांत लिहिलेलं. अण्णांनी स्वतः तो कागद वाचून घेतला आणि मौन कधीपर्यंत चालेल त्या आकड्याखाली लाल रेघ मारली.

आता मालकांच्या मनात लक्षद्वीप आहे. त्यासाठी परवानगीने मिळणाऱ्या इनमारसॅट फोनचा अर्ज करावा का, असं त्यांनी विचारलं. करावा, असं मी म्हटलं. किनाऱ्यापासून दूरच्या प्रवासात रीतसर फोन असणं चांगलंच. पण अर्जाला वेळ लागेल तोवर आधी तिघांसाठी तीन, अंगावर बांधायचे छोटे बीकन, म्हणजे संकटाचा संदेश पाठवणारी यंत्रं, घ्या, आणि दुसरा हातातला व्हीएचएफ घ्या, पाण्यावर तरंगणारा. इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेल्या संकटसूचक यंत्राचीही माहिती काढायला सांगितली आहे. त्याच्या नव्या आवृत्तीत संदेश मिळाल्याची पोच नौकेवर परत येते. ईपर्बच्या नोंदीत पुतण्याच्या आईचाही नंबर घालायचा आहे, ते काम या आठवड्यात व्हावं म्हणून वहिनी मागे लागल्या आहेत.